प्लॉट

आठवीच्या शिकवणीत आज एकच शब्द घेतला.
फळ्यावर लिहिला, खाली रेघ मारली.
नाम. अर्थ एकाहून जास्त.

पहिला सगळ्यांनाच येतो.
घणसोलीतल्या पोराला दात यायच्या आधी हा शब्द येतो,
असं मी म्हणते, आणि कोणी हसत नाही.
जमिनीचा मोजलेला तुकडा.
समानार्थी : जागा, भूखंड.
दीक्षिता विचारते, 'मॅडम, खंड म्हणजे आशिया ना?'
हो गं. तसाच खंड.
फक्त नव्वद चौरस मीटरचा.

दुसरा : कथानक.
गोष्टीत पुढे काय होतं, आणि ते का होतं.
उदाहरण मी पुस्तकातलं देते, कोल्ह्याचं.
जिभेवर असतं ते देत नाही :
बाबा बांधावर बसलेत,
चिखलात निवट्या टणाटण उडतायत,
आणि दोन माणसं पँटी दुमडून
भाताच्या लोंब्यांवरून टेप ओढत चाललीयत.
पुढे काय झालं, ते सेक्टरला माहीत आहे.
का झालं, ते बाबा अजून विचारतात,
बातम्या चालू असताना, टीव्हीला.

तिसरा : कट.
दोघांनी किंवा अधिक जणांनी, गुपचूप केलेला.
कारस्थान, मसलत, बेत.
बेत हा शब्द मुलांना जेवणाचाच माहीत.
'आज काय बेत?' मागून शार्विल ओरडतो,
आणि सगळा वर्ग भुकेला होतो.

त्या दिवशी बेत होता
जिताड्याचं कालवण, तांदळाची भाकरी.
वहिनीने मला डोक्याचा तुकडा वाढला,
जो आमच्याकडे जावयाला वाढतात.
हात धुऊन आले तर ताटाच्या जागी कागद.
हक्कसोड. तीन प्रती.
दादा म्हणाला, 'बहिणी देतातच गं.'
पेन चालेना, तर वकिलाने स्वतःचं दिलं.
बोटांना वास होता माशाचा,
सहीला असेल अजून.

चौथा अर्थ आलेखाचा :
बिंदू मांडणे, जोडत जाणे.
ते क्रियापद. परीक्षेला नाही.

रात्री बाबांना सांगते, आज प्लॉट शिकवला.
ते म्हणतात, 'कंचा?'
म्हणजे नंबर. नंबर सांगते तर मान हलवतात.
'नंबर नको. त्याचा नाव काय व्हता?'
आणि स्वतःच सुरू होतात :
वाकडी. उघाडीवरली. चिचेखालची.
बामाची, जी बामाची कधीच नव्हती.
म्हसबुडी, जिच्यात आज्याची म्हैस रुतली
आणि सगळ्या आळीने दोर लावला.
कोशात यातलं एकही नाही.
मी मागच्या कोऱ्या पानावर लिहून घेते,
स्पेलिंग काय करावं ते न कळून
मराठीतच.

मग वह्या.
वाक्यात उपयोग करा.
बहुतेकांनी लिहिलंय, माझ्या मामाने प्लॉट घेतला.
शार्विल मढवीने लिहिलंय :
'आम्ही प्लॉटपासून काकांकडे गणपतीला जात नाही.'

लाल पेन उघडते.
'पासून'खाली रेघ.
समासात लिहायला घेते :
प्लॉट हे स्थळ आहे, काळ नाही.
'स्थळ'पर्यंत लिहून होतं.

डोक्यावर खुर्ची सरकते.
चौथ्या मजल्यावर दादा जेवायला बसला.
ही खोलीही त्याचीच.
भाडं पाच तारखेला खात्यात जातं,
वर्षं झाली सात, मोबाइलवरून,
एकही शब्द न खर्चता.
मजल्यांचे जिने सोळा पायऱ्यांचे आहेत,
मी मोजलेत, चढले नाही.

'स्थळ' खोडते.
बरोबरची खूण करते, मोठी, पानाबाहेर जाणारी.
शार्विलची आई उद्या विचारेल,
अर्थ चार सांगितलेत ना मॅडम,
मग हा कुठला?